उत्तर कुठल्या पानावर?

गेल्या चातुर्मासात एका गुरुकुलाची स्मरणिका घरी आली. गुरुकुलाचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की मूळ विषय बाजूला राहतो आणि मी कुणाच्या विरोधात आहे याचीच चर्चा सुरू होते. छान गुळगुळीत कागद, सुरुवातीला आशीर्वाद, मग देणगीदारांचे फोटो, आणि शेवटी यशस्वी माजी विद्यार्थ्यांची पानं. कुणी सी.ए., कुणी इंजिनिअर, कुणी डॉक्टर. आणि ठळक अक्षरांत असा दावा की धर्मसंस्कार घेतलेली आमची मुलं पुढं कॉलेजात कुठंच मागं पडत नाहीत.

स्मरणिका कुणी चिकित्सेनं वाचत नाही. आपल्या ओळखीचा फोटो शोधायचा, जाहिरात नीट आली का बघायची आणि कपाटात ठेवून द्यायची. मीही तेच केलं असतं. पण त्याच आठवड्यात निपाणीहून माझ्या भावजयीचा फोन आला. "वन्सं, धाकटीला गुरुकुलात घालावं म्हणताहेत सगळे. तिथं बोर्डाची परीक्षा नाही, पण संस्कार चांगले आहेत म्हणे. तुम्ही काय म्हणता?" धाकटी अकरा वर्षांची. मग मी बेळगुंदीच्या आमच्या सोप्यात बसून ती स्मरणिका पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशेब.

पहिली गोष्ट पुराव्याची. स्मरणिकेत पूर्वजांचं एक पान आहे. अण्णासाहेब लठ्ठे, डॉ. आ. ने. उपाध्ये, कर्मवीर भाऊराव पाटील. तिघेही आपले, तिघांचाही मला अभिमान आहे. पण हे तिघे कुठं शिकले? लठ्ठे एम.ए., एल.एल.बी. झाले, कोल्हापूरचे दिवाण झाले, १९३७ साली मुंबई प्रांताच्या खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले; ते सगळ्यांच्या कॉलेजात सगळ्यांबरोबर बसून. उपाध्ये आपल्या चिकोडी भागातल्या सदलग्याचे. मुंबई विद्यापीठाचे एम.ए. होऊन १९३० पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवू लागले. कुंदकुंदांचा प्रवचनसार त्यांनी संपादित केला, तो पाठभेद तपासून, काळ ठरवून, सगळ्या जगाच्या विद्वानांसमोर ठेवला. श्रद्धा होतीच, पण विद्यापीठाची कसोटी लावायला ते घाबरले नाहीत.

आणि भाऊराव? ते तर कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होते, आणि तिथून त्यांना बाहेर पडावं लागलं. १९०८ साली अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, एवढाच गुन्हा. ते मॅट्रिकही झाले नाहीत. पण १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्याला कॉलेज उभं केलं. म्हणजे ज्यांच्या नावानं बंद दाराच्या शाळेचं समर्थन चाललंय, त्या तिघांपैकी एकही बंद दाराच्या शाळेतून आलेला नाही. एक तर दार उघडं ठेवा म्हणाला म्हणून बाहेर गेलेला. हे पान छापताना कुणाच्या लक्षात आलं नसेल का?

दुसरी गोष्ट मोजणीची. फोटो आहेत ते पोहोचलेल्यांचे. वाटेत राहिलेल्यांचं एकही पान नाही. दहा फोटो दाखवले तर बघणाऱ्यानं विचारायला नको का, की त्या वर्षी वर्गात किती होते? घरी आपण पापड वाळत घालतो तेव्हा मोडलेलेही मोजतो. मुलांच्या बाबतीत मात्र अखंड तेवढेच डब्यात भरून पाहुण्यांना दाखवतो.

वाटेत अडखळलेला एक माझ्याच घरात होता. माझ्या दिरांचा मुलगा अशाच एका गुरुकुलात सहा वर्षं राहून आला. दहावी बाहेरून दिली, मग बारावी तशीच, आणि बेळगावच्या कॉलेजात बी.कॉम.ला बसला. आमच्याकडेच राहायचा, सकाळच्या बसनं जायचा. पोरगा गुणी. पहाटे चारला उठणारा, आपलं ताट आपण धुणारा. तत्त्वार्थसूत्राचे दहाही अध्याय, साडेतीनशेच्या वर सूत्रं, तोंडपाठ. एवढी स्मरणशक्ती आमच्या घरात कुणाचीच नाही.

पहिल्याच सत्रात प्राध्यापकांनी घरून लिहून आणायला प्रश्न दिला: अमुक धोरणाबद्दल तुमचं मत लिहा. हा दोन तास पुस्तक चाळत बसला. शेवटी माझ्याकडं आला, "काकू, ह्याचं उत्तर कुठल्या पानावर आहे?" मी म्हटलं, "अरे, तुझं मत विचारलंय." तो गप्प उभा राहिला. त्याला मत नव्हतं असं नाही; मत असू शकतं, हेच कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी आणि संख्याशास्त्र राहिलं, एक वर्ष गेलं. घरात म्हणाले, याचं डोकंच नाही. डोकं होतं. त्या डोक्याला वापरण्याचा एकच प्रकार शिकवला होता.

आपल्या सीमाभागातल्या मुलाचं तर आणखी वेगळं ओझं असतं. घरात मराठी, सरकारी अर्जावर कन्नड, गुरुकुलात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. बाकीच्या मुलांना दोन पायऱ्या चढायच्या, तर याला चार. शिवाय सूर्यास्तापूर्वी जेवण. आमच्याकडे राहत होता म्हणून मी पाचला ताट वाढायची. हॉस्टेलवर राहिला असता तर मेसचं जेवण रात्री आठला, त्यात बटाटा-कांदा. पहिल्या महिन्यात मुलगा उपाशी तरी राहतो किंवा नियम तरी मोडतो, आणि दोन्ही कुणाला सांगत नाही. उच्च शिक्षणात मागं पडणं हे मार्कांतच होतं असं नाही. असंही होतं.

हा प्रश्न आपल्या एकट्यांचा नाही. अमेरिकेत सायंटॉलॉजी नावाचा एक पंथ आहे. विज्ञानकथा लिहिणाऱ्या एल. रॉन हबर्ड यांनी तो काढला. हबर्ड यांनी अभ्यासाची एक पद्धत सांगितली आणि त्या पद्धतीवर शाळा चालतात. ओरेगॉन राज्यातली डेल्फियन स्कूल त्यांतली नावाजलेली. त्या पद्धतीप्रमाणे शिकण्यात तीन अडथळे असतात. वस्तू समोर नसणं, पायरी एकदम उंच असणं, आणि न कळलेला शब्द तसाच सोडून पुढं जाणं. म्हणून मुलं मातीचे आकार करून कल्पना समजून घेतात आणि अडलं की शब्दकोश उघडतात. यात वाईट काय आहे? काहीच नाही. माझ्या पुतण्याला कुणी पायरी-पायरीनं इंग्रजी शिकवलं असतं तर त्याचं वर्ष गेलं नसतं.

पण मेख पुढं आहे. मुलाला पुस्तकातली गोष्ट पटली नाही, तर त्या पद्धतीत आधी शोधायचं ते हे की कुठला शब्द त्याला कळला नाही. म्हणजे पुस्तक चुकलेलं असू शकतं, ही शक्यता मागंच राहते. हे वाचताना मला परक्या देशाची गोष्ट वाचतेय असं वाटलंच नाही. आपल्याकडं पाठशाळेत मुलानं नको तो प्रश्न विचारला की काय म्हणतात? "ज्ञानावरणी कर्माचा उदय आहे, क्षयोपशम वाढला की कळेल." शब्द आपले, रीत तीच. दोन्हीकडं न पटण्याचा दोष विचारणाऱ्याच्या माथी. असं शिकलेलं मूल कॉलेजात जातं, तिथं मास्तर उलट म्हणतात, या लेखकाचं काय चुकलं ते सांगा. त्या मुलाच्या पायाखालची जमीनच सरकते.

आणि खेदाची गोष्ट अशी की हे आपल्या धर्माला धरूनही नाही. आचार्य समंतभद्रांनी आप्तमीमांसा लिहिली ती कशासाठी? प्रत्यक्ष भगवंतांसमोर उभं राहून ते विचारतात की तुम्हाला प्रमाण का मानायचं? देव येतात, चवऱ्या ढाळल्या जातात, एवढ्यानं मोठेपण ठरत नाही, ते जादूगारालाही जमतं. मग ते युक्तीनं एकेक मत तपासत जातात. अनेकांताचं नाव आपण व्याख्यानात रोज घेतो. ज्या परंपरेत तीर्थंकरांचीही परीक्षा करायची मुभा आहे, तिच्या शाळेत गुरुजींना प्रश्न विचारता येत नसेल, तर ती शाळा फार धार्मिक आहे असं नाही, थोडी कमीच धार्मिक आहे.

मग धार्मिक शाळाच नकोत का? असं मी म्हणत नाही. आपल्याकडं दुसऱ्या वाटाही घालून दिलेल्या आहेत. निपाणीजवळच्या स्तवनिधीला १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली आणि तिनं बोर्डिंगं काढली. राहणं, जेवण, पूजा आपल्या रीतीनं, शाळा-कॉलेज सगळ्यांचं. समंतभद्र महाराजांनी १९१८ साली कारंज्याला आणि १९३४ साली बाहुबलीला गुरुकुल काढलं. बाहुबलीच्या डोंगराखाली मुलं पूजा-स्वाध्यायही करतात आणि सगळ्या महाराष्ट्राबरोबर दहावीलाही बसतात. ते कुंभोज गाव भाऊरावांचं जन्मगाव, हेही मला नेहमी बोलकं वाटतं. आणि सदलग्यात जन्मलेल्या आचार्य विद्यासागर महाराजांच्या प्रेरणेनं जबलपूरला २००६ साली मुलींची प्रतिभास्थली सुरू झाली, पुढं रामटेकलाही. तिथं ब्रह्मचारिणी ताई शिकवतात, माध्यम हिंदी, पण परीक्षा सी.बी.एस.ई.ची. म्हणजे मुलीच्या हातात देशभर चालणारा कागद असतो. इंग्रजीची पायरी तिथल्या मुलींनाही चढावी लागणार, पण निदान दाराशी अडवणूक नाही.

दुसऱ्या समाजाकडूनही शिकायला हरकत नाही. मदरशातून येणाऱ्या मुलामुलींसाठी अलीगढ मुस्लिम विद्यापीठानं २०१३ साली एक वर्षाचा जोडअभ्यासक्रम सुरू केला. धर्मशिक्षण झालेलं मूल एक वर्ष इंग्रजी आणि इतर विषय शिकतं, मग पदवीला जातं. यात एक प्रामाणिकपणा आहे. आमची मुलं कुठंच मागं पडत नाहीत असं म्हणत न बसता, पडतात, म्हणून हा पूल बांधला, असं ते सांगतात. आपल्या समाजात वर्षाला किती पंचकल्याणकं होतात! एका पंचकल्याणकाच्या मांडवाच्या खर्चात बेळगाव, सांगली, कोल्हापूर इथं असा एकेक वर्ग कितीतरी वर्षं चालेल.

आता बायकांनी, आपण, जास्त काळजीनं बघावं अशी गोष्ट. माझ्या पुतण्याचं वर्ष गेलं, तरी त्याला दुसऱ्यांदा फी भरून बसवलं. नसता पास झाला तर शेती होती, काकाचं दुकान होतं. मुलीचं तसं नसतं. मुलगी एकदा अडखळली की घरात लगेच स्थळांची यादी निघते. "शिकून काय करायचंय, संस्कार तर झालेत." संस्कार हा शब्द मुलीच्या बाबतीत पदवीच्या जागी वापरला जातो. म्हणून बोर्ड नसलेल्या शाळेत मुलगी घालणं आणि मुलगा घालणं, या दोन सारख्या गोष्टी नाहीत. मुलग्याला परतीची वाट असते. मुलीची ती आपणच आधी बघून ठेवायला हवी. स्मरणिकेच्या त्या यशस्वी पानांवर मी मुलींचे फोटो शोधले. सांस्कृतिक कार्यक्रमाच्या पानावर सापडले, आरतीची ताटं घेऊन उभ्या.

भावजयीला मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. प्रश्न तेवढे लिहून दिले. दहावी-बारावी कुठल्या बोर्डाची, आणि ती देणारं कोण? इंग्रजी आणि गणित शिकवायला कोण आहे, त्यांचं स्वतःचं शिक्षण काय? पाच वर्षांपूर्वी ज्या मुली इथून बाहेर पडल्या त्या सगळ्या आज कुठं आहेत? निवडक नको, सगळ्या. मधेच मुलीला करमेना झालं तर आई तिला विनाचर्चा घरी आणू शकते का? आणि वर्गात मूल "मला हे पटत नाही" म्हणालं तर पुढं काय होतं?

तिनं फोनवर ऐकत ऐकत ते कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून घेतले. मग म्हणाली, "वन्सं, हे विचारलं तर त्यांना राग येईल हो." मी म्हटलं, "आला तर तेही उत्तरच आहे."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी मिळून जाणार आहोत. धाकटीला बरोबर घ्यायचं ठरवलंय. शाळेत राहायचंय तिला, आणि इतक्या फोनांत तिचं मत अजून आम्हीही विचारलेलं नाही.