लीलावती : आधी सूत्र की आधी खेळ?

जळगाव-धुळ्याच्या शाळांच्या सहली चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला जातात. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी तेथे मठ स्थापला, असे इ.स. १२०७ चा शिलालेख सांगतो. सहलीत मुलांना हमखास सांगितले जाते, 'लीलावती' (इ.स. ११५०) म्हणजे हसतखेळत गणित.

आम्हांस हे अर्धेच खरे वाटते. ग्रंथात भुंगे, मोर, साप येतात. पण आधी सूत्र, मग उदाहरण, हाच त्याचा क्रम. पाठांतराच्या काळात तो योग्यच होता. आज तोच क्रम ठेवून वर चित्रे चिकटवणे म्हणजे खेळ नव्हे.

मोर-सापाचे उदाहरण घ्या. ९ हात उंच खांबावर मोर, पायथ्याशी बीळ. २७ हातांवरून साप बिळाकडे निघतो. मोर तिरकी झेप घेतो. वेग सारखाच. गाठ कोठे पडेल? सूत्र सांगू नका. चौकटींच्या कागदावर मुलांना बिंदू धरून पट्टीने मोजू द्या. बिळापासून १० हातांवर मोराचा मार्ग सुमारे साडेतेरा, सापाचा १७. १५ हातांवर मोराचा सुमारे साडेसतरा, सापाचा १२. १२ हातांवर मात्र दोन्ही १५!

मग विचारा, असा दुसरा बिंदू असेल का? बिंदू बिळापासून दूर नेला की मोराचा मार्ग वाढतो, सापाचा घटतो, म्हणून नाही. हे 'म्हणून' मुलांच्या तोंडून निघाले पाहिजे. तर्काचे शिक्षण ते हेच. सूत्र त्यानंतर यावे. मोजण्याची कटकट वाचवणारे म्हणून मुले त्याचे स्वागतच करतील.