तांबडी फुले आणि शस्त्रहतांची चतुर्दशी

चातुर्मासातील दुपारी देवळाच्या सभामंडपात लक्षवाती वळीत बसलेल्या स्त्रिया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना मेलबर्नमधील दोन स्त्रियांनी २०१३ साली आरंभिलेल्या उद्योगाचे फारसे नवल वाटू नये. आपल्या सैनिक वडिलांच्या स्मरणार्थ क्रोशाच्या सुईने १२० तांबडी पॉपीची फुले विणावी, एवढाच त्यांचा संकल्प होता. पाहता पाहता देशोदेशीच्या अनोळखी बायकांनी आपापल्या घरी फुले विणून धाडली आणि २०१५ च्या एप्रिलात तेथील फेडरेशन चौकात अडीच लाखांहून अधिक फुलांचा गालिचा पसरला. आपल्याकडे याला लाखोली म्हणतात.

पॉपी म्हणजे आपल्या खसखशीच्या जातीचेच, पण शेतात तणासारखे उगवणारे रानफूल. फ्रान्स-बेल्जियमच्या तोफांनी उकरलेल्या मातीत ते फुलले आणि १९१५ सालच्या एका सैनिक-डॉक्टराच्या कवितेमुळे मृतांची खूण होऊन बसले. १९२१ पासून विलायतेत दर ११ नोव्हेंबरास ते छातीवर लावतात. पुढच्याच वर्षी अपंग सैनिकांना काम मिळावे म्हणून ती फुले करण्याचा कारखाना निघाला. या प्रथेतील सर्वांत निर्मळ भाग आम्हांला हाच वाटतो. ज्याचा पाय रणात गेला, त्याच्या बोटांनी केलेले फूल, आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्या चुलीला आधार! आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरास विकला जाणारा ध्वजदिनाचा इवलासा कागदी झेंडा याच कुळातला; परंतु तो घेताना आपण कितीदा थांबतो, हे ज्याचे त्याने आठवावे.

परंतु फुलांची संख्या वाढली म्हणजे स्मरण वाढते काय? लंडनच्या किल्ल्याभोवती २०१४ साली चिनी मातीची ८,८८,२४६ फुले रोवण्यात आली. देखावा डोळे दिपविणारा होता खरा; पण ती सारी एकाच घाटाची. मेलबर्नच्या फुलांत निदान कोणाची पाकळी वाकडी, कोणाचा टाका सैल. त्या वाकडेपणात करणारीचा हात तरी दिसे. आमच्या मते कलाकृती म्हणून ते विणकाम किल्ल्याभोवतीच्या आराशीहून श्रेष्ठ आहे.

२०१८ साली ब्रिटिश माजी सैनिकांच्या संस्थेने हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ खादीची पॉपी काढली. सद्भावनेविषयी शंका नाही. तथापि, विलायतेत पॉपी प्रथम विकली गेली त्याच १९२१ साली मुंबईत विलायती कापडाची होळी पेटली होती, आणि खादी हे त्या साम्राज्याला दिलेले नकाराचे उत्तर होते. बारडोली ज्या जिल्ह्यात आहे, त्या सुरतेत बसून हे खादीचे फूल पाहताना मन थोडे अडखळते. त्याऐवजी झेंडूची निवड करावी, असे आपल्याकडील काही सैनिकी अभ्यासकांनी सुचविले आहे. झेंडूही मूळचा अमेरिकेचाच, पण दसऱ्याच्या तोरणाने तो केव्हाच आपला करून घेतला आहे!

खरी उणीव फुलात नाही, नावात आहे. पहिल्या महायुद्धात ७४,००० हून अधिक हिंदी सैनिक पडले. कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी उपाशी लढल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेल्या. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली गेली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या. या भेदाची कबुली राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली दिली. साताऱ्याकडील गावोगावच्या संगमरवरी पाट्याही तशाच: या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत.

लाखोली देवाला चालते, कारण त्याला मोजदादीची गरज नसते आणि भक्ताला असते. पितरांना संख्या पोचत नाही. नाव आणि गोत्र उच्चारल्यावाचून आपण तिळोदकही देत नाही. पुत्रहीन भीष्माचार्यांनासुद्धा माघातील अष्टमीस पाणी देताना नाव घेऊनच देतो. शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी तर भाद्रपद वद्य चतुर्दशी पंचांगात राखूनच ठेविलेली आहे. विलायतेच्या ११ नोव्हेंबरची वाट पाहण्याचे आपल्याला कारण नव्हते.

आणि सुरतेला तर मुळीच नव्हते. येथे तापीकाठी अश्विनीकुमारावर, कोणाचाही अंत्यविधी न झालेल्या कुमारी भूमीवर, श्रीकृष्णाने कर्णाला अग्नी दिला, अशी लोकश्रद्धा आहे. तीन पानांचा वड त्याची साक्ष म्हणून दाखवितात. जन्मभर ज्याच्या कुळाचे नाव झाकून राहिले, त्या योद्ध्याला या नदीने जागा दिली.

या शहरात कापडाच्या तुकड्यांना तोटा नाही, जरीला नाही, आणि खानदेश-कोकणातून आलेल्या आपल्या कुटुंबांतून कुशल हातांनाही नाही. एखाद्या मंदिराच्या महिला मंडळाने अशी फुले करण्याचे मनात आणले, तर ती अवश्य करावी. पितृकार्यात तांबडे फूल वर्ज्य मानतात, म्हणून पांढरी करावी. लाख नकोत, वीस पुरेत. मात्र प्रत्येक देठाला एका शिपायाचे नाव, गाव आणि पलटण लिहिलेली चिठ्ठी असावी. ती नावे सरकारी दगडांवर नाहीत. कोणाच्या ट्रंकेतील पदकाच्या कडेवर आहेत, पेन्शनच्या पिवळ्या कागदावर आहेत, एखाद्या नव्वदीच्या आजीच्या तोंडी आहेत. सुईत दोरा ओवण्यापूर्वी त्या आजीकडे जाऊन यावे.