नरक्या आणि ‘उपयोग’ नावाचा रकाना

शालेय विज्ञान प्रदर्शनात औषधी वनस्पतींचा तक्ता हमखास असतो. वनस्पतीचे चित्र, शास्त्रीय नाव आणि समोर ‘उपयोग’. कोल्हापूरच्या पश्चिमेला सह्याद्रीत वाढणारा नरक्या, म्हणजे नोथापोडायटिस निम्मोनियाना, अशा तक्त्यावर आला की समोर लिहिले जाते : ‘कर्करोगावर रामबाण’. बातम्यांची भाषाही बहुधा हीच. आमचा आक्षेप या रकान्याला आहे. माहिती साफ खोटी नाही; पण झाड आणि औषध यांच्यामधला सगळा रस्ता तिच्यात गाळलेला असतो. आणि विज्ञान असते ते त्या रस्त्यातच.

तो रस्ता पाहू. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सुमारे ३५,००० वनस्पतींची छाननी केली. रुग्णांपर्यंत पोचलेली औषधे मात्र बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतल्या दोहोंचे मूळ कॅम्प्टोथेसिन. एका चिनी वृक्षातून हे संयुग वेगळे केल्याचे मनरो वॉल, मनसुख वाणी व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये जाहीर केले. हे वाणी जन्माने आपल्या नंदुरबारचे. पुढे १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच संयुग नरक्यात आढळले.

म्हणजे औषध मिळाले का? नाही. रुग्णांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांत मूत्राशयाला इजा झाली, रक्तपेशी घटल्या. १९७०च्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये कारण उलगडले. डीएनएचा पीळ सोडवताना एक विकर त्याचा एक धागा कापते आणि पुन्हा जोडते. कॅम्प्टोथेसिन हा जोड होऊ देत नाही, त्यामुळे वेगाने विभागणाऱ्या पेशी मरतात; कर्करोगाच्या, तशाच निरोगीही. मग मूळ रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि आयरिनोटेकॅन तयार झाली. दोन्हींना अमेरिकेत १९९६ पर्यंत मान्यता मिळाली होती. शोधापासून तीस वर्षे!

हे गाळल्याची किंमत दोघे मोजतात. एक रुग्ण : साल उकळून पिणाऱ्याच्या पोटात औषध नव्हे, तर मात्रा ठाऊक नसलेले विष जाते, आणि उपचाराचा मोलाचा काळ निघून जातो. दुसरे झाड : सालीत संयुग शेकडा एक भागही नसते, म्हणून थोड्या मालासाठी पुष्कळ झाडे पडतात. सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड याचमुळे झाली.

तक्ता काढून टाका असे आम्ही म्हणत नाही. ‘उपयोग’ खोडून विद्यार्थ्यांना तीन रकाने आखू द्या : घटक कोणता? चाचणी कशावर झाली, काचपात्रातल्या पेशींवर, उंदरावर की माणसावर? आणि माल काढताना झाड जगते का? काचपात्रातल्या पेशी तीव्र मिठाच्या पाण्यानेही मरतात. मिठाला कोणी कर्करोगाचे औषध म्हणत नाही. बऱ्याच वनस्पतींपुढे ‘माणसावर’ हा भाग कोराच राहील. तो कोरा ठेवण्याचे धैर्य मुलांना आले, तर तक्त्याचे सार्थक झाले.