बखरीचे फाटके पान आणि कुमार वाचक

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचे नाव आता विजयदुर्ग झाले आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७५८ ते १७८१ या काळात बांधलेल्या या किल्ल्यात भारतीय लष्कराच्या पूर्व विभागाचे मुख्यालय आहे, आणि नवे नाव आपल्या सिंधुदुर्गातल्या जलदुर्गावरून घेतले आहे. मराठी वाचकाचे या किल्ल्याशी नाते मात्र फार जुने. किल्ल्याच्या नावाने १८०० साली निघालेल्या कॉलेजात कंपनीच्या कोवळ्या नोकरांना मराठी शिकवायची होती. त्यासाठी विल्यम कॅरीने वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ साली व्याकरण छापले, पुढे सिंहासनबत्तीशीही छापली गेली. आपले गद्य छापखान्यात शिरले ते असे तरुण विद्यार्थ्यांसाठी, आणि तेही बंगालात.

त्याच शहरात ६ जून १८३५ रोजी ‘कलकत्ता लिटररी गॅझेट’मध्ये एक इंग्रजी कथा आली. लेखक कैलासचंद्र दत्त, हिंदू कॉलेजचा जेमतेम अठरा वर्षांचा विद्यार्थी. कथेतले वर्ष १९४५. इंग्रजी शिकलेला तरुण सशस्त्र उठाव करतो, हरतो आणि वधस्तंभावर जातो. शीर्षकात लेखकाने तिला अठ्ठेचाळीस तासांची रोजनिशी म्हटले आहे. ज्या किल्ल्याच्या तोफांवर कंपनीचे राज्य उभे होते, त्या किल्ल्याच्या गावात एका पोराने त्या राज्याविरुद्धचा उठाव कल्पिला आणि त्याला दैनंदिनीचे नाव दिले. भविष्यावर कोणी विश्वास ठेवायचा तर त्याचा कागद दाखवावा लागतो, हे त्याला उमगले असावे.

बंगालने ही वाट सोडली नाही. सुकुमार राय यांनी ‘संदेश’ मासिकात हेशोराम हुंशियार नावाच्या शिकाऱ्याची विचित्र प्राण्यांनी भरलेली डायरी लिहिली. १९६१ साली त्यांच्या मुलाने, सत्यजित राय यांनी, ‘संदेश’ पुन्हा सुरू केले आणि त्यात प्रोफेसर शंकू आणला. हा शंकू आपल्याला भेटतो तेव्हा तो बेपत्ता आहे. हाती आली आहे ती त्याची डायरी, सुंदरबनात उल्का पडून झालेल्या खड्ड्यात सापडलेली. तिची शाई रंग बदलते, कागद ताणला तरी फाटत नाही, आगीत जळत नाही. असली अविनाशी वही शेवटी मुंग्या खाऊन टाकतात. पहिल्याच कथेत राय यांनी पुरावा दिला आणि काढूनही घेतला. पुढच्या सगळ्या साहसांवर त्या हरवण्याची छाया राहते. गिरिडीहचे घर, न्यूटन नावाचे मांजर, प्रल्हाद नावाचा नोकर, यांच्याविषयी शंकू कधी गहिवरून लिहीत नाही. गहिवर वाचणाऱ्या मुलाला येतो, आणि मला या रचनेचे मोल तिथेच दिसते. निवेदक सगळे सांगून टाकतो. कागद काही सांगतो, काही गाळतो. गाळलेले भरून काढताना चौदा-पंधरा वर्षांचे मन त्यात स्वतःचे काही ओतते.

मराठीला ही कला परकी नाही. सभासदाची बखर राजाराम महाराजांना उद्देशून लिहिलेली आहे. पानिपतच्या संहाराची बातमी सावकारी भाषेत, मोती आणि मोहरांच्या हिशेबात, कळवली गेली असे आपण शाळेपासून ऐकतो. शोक लपवून शोक पोचवणारा याहून मोठा कागद कोणता?

जयंत नारळीकरांनी नेमके हेच पानिपत उचलले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा त्यांनी टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. पण माझ्या मते त्यांची सर्वांत धाडसी रचना ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे हे प्राध्यापक अशा मुंबईत जाऊन पोचतात, जिथे मराठे पानिपत जिंकले आहेत आणि ईस्ट इंडिया कंपनी अजून व्यवहार करते आहे. परत आल्यावर त्यांच्याजवळ उरते बखरीचे एक फाटके पान. आपल्या बखरीत गोळी विश्वासरावांना लागते, त्या पानावर ती चाटून जाते. सारे दुसरे विश्व त्या एका ओळीच्या फरकात आहे. या कथेचे इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे, म्हणजे देशभरची सोळा वर्षांची मुले ती वाचतात.

तरीही त्या पानाला वारस मिळाले नाहीत. नारळीकरांनीही त्याच कथेत पुढे सूत्रे स्पष्टीकरणाच्या हाती दिली. पान खिशातून निघते आणि लगेच मित्र क्वांटम सिद्धांत समजावू लागतो. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी मराठी विज्ञानकथेला मोठा वाचक मिळवून दिला, त्यांचे ऋण मोठे आहे. पण विज्ञान नीट कळावे, ही काळजी आपल्या विज्ञानकथेत भावनेच्या पुढे चालली. कुमारांसाठी लिहिताना तर ती दुप्पट होते.

उलट बाजूला ‘कोसला’ आहे. १९६३ साली पंचविशीतल्या नेमाड्यांनी डायरी वापरली, भविष्यातल्या इतिहासकाराच्या नजरेने आजचा काळ पाहिला, आणि त्याच पुस्तकात नायकाच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू लिहिला. तरुण मन, मोडलेला आकार, उद्याची नजर, तिन्ही एकत्र. विज्ञानकथाकारांनी हे पुस्तक आपले मानले नाही, ही आपली मोठी हुकलेली संधी.

जगात ही वाट रुळली आहे. डॅनियल कीजच्या ‘फ्लॉवर्स फॉर अल्गर्नॉन’मध्ये चार्लीची बुद्धी वाढते नि ओसरते ती त्याच्या अहवालांतल्या शुद्धलेखनावरून कळते. ॲमी कॉफमन आणि जे क्रिस्टॉफ यांच्या २०१५ सालच्या ‘इल्युमिने’त ईमेल, जबान्या, लष्करी अहवाल आणि यानाच्या संगणकाचे बोलणे यांतून दोन मुलांचे तुटलेले प्रेम उभे राहते. पानांची सजावट कधी कधी तिथे अती होते. पण मुलांची भीती खरी वाटते.

आपल्या मुलांजवळ आज कागद कमी नाहीत. वर्गाचा व्हॉट्सॲप गट, वसतिगृहाची हजेरी, रक्ततपासणीचा अहवाल, परगावी राबणाऱ्या आईचे आवाजी निरोप. यांतून उद्याच्या दुष्काळाची किंवा मंगळावरच्या वस्तीची कादंबरी का लिहिली जाऊ नये? ‘किशोर’ मासिकाने आणि दिवाळी अंकांनी अशा लेखनासाठी दरवर्षी काही पाने राखून ठेवावीत, त्यांच्या मांडणीचा जास्तीचा खर्च सोसावा, आणि ती सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींकडूनच लिहून घ्यावीत. कैलासचंद्र त्यांच्याहून जेमतेम वर्ष-दोन वर्षांनी मोठा होता.