कोटी कोणाच्या तोंडची?

आम्हां नागपूरकरांचे विनोदाशी नाते जन्ममरणाचे आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर १८७१ साली नागपुरात जन्मले; त्यांना गुरू मानणारे राम गणेश गडकरी १९१९ च्या जानेवारीत जवळच्याच सावनेरला वारले. या गुरुशिष्यांनी मराठी लेखकांना कोट्यांचा नाद लावला. मीही त्यांतलाच, कोटी सुचली की ती कथानकात कुठे खुपसावी, याचाच घोर!

या नादावर उतारा मला गडकऱ्यांच्याच ‘एकच प्याला’त सापडला. त्यांची अनेक पात्रे कोट्या करतात; पण पुष्कळदा ऐकू येतात ते खुद्द गडकरीच. तळीरामाचे तसे नाही. आर्यमदिरामंडळात त्याची चाललेली शब्दांची कसरत ही बुडणाऱ्याची धडपड आहे. व्यसनाला तो शहाणपणाचा अंगरखा चढवतो. आपण हसतो, आणि हसता हसताच सुधाकराचा संसार बुडताना दिसतो. ती कसरत काढली, तर तळीरामच उरत नाही.

हीच माझी कसोटी. कोटी गाळूनही पात्र जसेच्या तसे राहत असेल, तर ती निव्वळ लेखकाची हौस. माझ्या नव्या कादंबरीला ही कसोटी लावली, तेव्हा काही प्रकरणे निम्मी झाली. वाचक मात्र थोडे अधिक हसतील, अशी आशा आहे.