कणा नसलेली पुस्तकं

मराठीत मुलांसाठी चांगली पुस्तकं निघत नाहीत, ही तक्रार अजून ऐकू येते, पण ती आता खरी राहिलेली नाही. १८२८ साली सदाशिव काशीनाथ छत्रे यांचं ‘बाळमित्र’ आलं, आणि मुलांचं पुस्तक बोध करण्यासाठीच असतं ही समजूत पुढे फार काळ टिकली. तिला धक्का देणाऱ्यांत भा. रा. भागवत ठळक. त्यांचा फास्टर फेणे उपदेश ऐकायला थांबतच नाही. मात्र ‘आनंद’पासून १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’पर्यंत मराठी बालसाहित्य वाढलं ते मुख्यतः मासिकांच्या आधाराने. तिथे मजकूर आधी आणि चित्र त्याच्या सोबतीला, असाच क्रम होता. चित्राने स्वतः गोष्ट सांगायची, ही कला आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजली ती गेल्या पंचवीस-तीस वर्षांत. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ किंवा यशच्या गोष्टींची पुस्तकं पाहावीत. लेखन आणि चित्रं एकाच हातची असल्यामुळे वाक्य जिथे थांबतं तिथून चित्र पुढे बोलतं. घरातली माणसं ओळखीची वाटतात, ती मुलांना शहाणपण शिकवायला उभी केलेली नसतात. २०१६ मध्ये लेखनासाठीचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार त्यांना मिळाला, तो या कामाचाच मान होता. कला अशी वयात येत असताना ही पुस्तकं निवडून घेण्याच्या जागा, म्हणजे दुकानं, मात्र एकेक करून बंद होत आहेत, आणि माझ्या मते याची झळ इतर कुठल्याही पुस्तकापेक्षा चित्रपुस्तकाला जास्त बसते.

याचं कारण पुस्तकाच्या बांधणीतच आहे. सोळा किंवा चोवीस पानांचं, मध्ये पिना मारलेलं पुस्तक कपाटात उभं केलं की नाहीसं होतं, कारण त्याला कणाच नसतो आणि नाव छापायला जागा नसते. ते दिसायचं तर मुखपृष्ठ समोर ठेवून मांडावं लागतं. मग जेवढ्या फळीत दहा कादंबऱ्या मावतात तेवढ्या जागेत दोन-तीनच पुस्तकं बसतात. किंमत साठ रुपये आणि विक्रेत्याचं कमिशन पाव हिस्सा धरलं, तर एका प्रतीमागे पंधरा रुपये सुटतात. भाडं कादंबरीच्या फळीला जेवढं, तेवढंच या फळीला. शिवाय ही पुस्तकं हाताळली जातात, कोपरे दुमडतात, आणि खराब झालेली प्रत प्रकाशक परत घेईलच असं नाही. तरीही दुकानदार ती मांडत होता, कारण मूल हातातलं पुस्तक सोडत नाही हे त्याला माहीत होतं. १९४८ साली टी. एन. शानभाग यांनी सुरू केलेलं मुंबईचं स्ट्रँड बुक स्टॉल फेब्रुवारी २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा हळहळ व्यक्त झाली ती मोठ्यांच्या वाचनाची. दुकान मिटतं तेव्हा मुलांच्या उंचीची खालची फळीही जाते, याचा उल्लेख क्वचितच होतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रदर्शनांचा, आणि तो वजनदार आहे. पुणे-मुंबई सोडली तर अनेक तालुक्यांच्या गावी पुस्तकांचं दुकान म्हणजे पाठ्यपुस्तकं, गाइडं आणि वह्या. तिथे ललित पुस्तक पोचवलं ते गावोगावच्या प्रदर्शनांनीच. पण काही दिवसांत हॉलचं भाडं आणि वाहतूक वसूल करायची असते, म्हणून टेबलावर संच येतात: दहा पुस्तकांचा अकबर-बिरबल, दहांचं पंचतंत्र, वर घसघशीत सवलत. यातल्या कित्येकांवर लेखकाचं नाव नसतं, चित्रकाराचं तर नसतंच. पानं मोजून खरेदी करणाऱ्या पालकाला सोळा पानांना साठ रुपये महाग वाटतात. ते का मोजायचे हे सांगायला शेजारी कुणी उभं नसतं, आणि पुस्तक पुरतं चाळायला गर्दीत उसंत नसते.

दुसरा आक्षेप असा, की आता सगळं घरबसल्या मिळतं. मिळतं खरं, पण नाव आधी ठाऊक असलेल्याला. मुखपृष्ठाच्या अंगठ्याएवढ्या चित्रावरून पान उलटल्यावर काय होतं ते कळत नाही, आणि चित्रपुस्तकाची सगळी करामत पान उलटण्यात असते. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. जिथे दुकान कधीच नव्हतं तिथे हे फार मोलाचं काम आहे. मात्र समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेलं चित्र मोबाइलवर आक्रसतं, आणि दोन मुलांनी त्यावर ओणवं होऊन बोटाने मांजर शोधण्याची सोय राहत नाही. मुलं इंग्रजी माध्यमात गेली म्हणून मराठी पुस्तक खपत नाही, हे म्हणणंही मला अर्धंच पटतं. अक्षरओळख नसलेल्या तीन वर्षांच्या मुलाला माध्यम कसलं? त्याला आजी वाचून दाखवते, आणि ती मराठीतच दाखवते. मॉलमध्ये इंग्रजी चित्रपुस्तकं दर्शनी मांडलेली असतात, तिथे तीच घेतली जातात.

प्रत्येक दुकान वाचवा, असं म्हणण्यात अर्थ नाही. शहरातली भाडी कुणाच्या हळहळीने उतरत नाहीत. चाळून निवडण्याची जागा मात्र दुसरीकडे उभी करता येईल. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांवर आहेत. शाळा आणि ग्रंथालयं बरीचशी खरेदी यादी आणि सवलतीचा टक्का पाहून करतात, प्रत्यक्ष प्रत न पाहता. त्यांनी मुलांच्या पुस्तकांपुरती यादी बाजूला ठेवून प्रती मागवाव्यात, बालविभागात महिनाभर मुखपृष्ठं समोर करून मांडाव्यात, आणि मुलांनी ज्यांच्या प्रती मळवल्या ती पुस्तकं विकत घ्यावीत. मळलेल्या प्रतींचा हिशेब प्रकाशक आणि विक्रेत्याने निम्मा-निम्मा उचलायला हरकत नसावी.