आईची शिंपटी आणि काळजीवाहकाचा हात

‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे, की त्यात आणखी भर घालण्यास कोणीही संकोचावे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते लिहिले, १९३५ साली ते प्रसिद्ध झाले, आणि पुढे मराठी मध्यमवर्गाच्या घरोघरी ते जाऊन बसले. मूल कसे वाढवावे याविषयीच्या आपल्या पुष्कळशा कल्पना याच एका पुस्तकावरून बनल्या आहेत. म्हणूनच, ज्या मुलास आई नाही, किंवा असून जवळ नाही, त्याच्या बाबतीत या कल्पना कितपत उपयोगी पडतात, हे एकदा तपासून पाहणे आम्हांस अवश्य वाटते.

पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग वाचकांस आठवत असेल. श्याम विहिरीत उतरावयास भितो व घरात लपून बसतो. आई त्याला शिंपटीने मारून विहिरीवर पाठविते. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये, एवढीच तिची इच्छा. त्याच दिवशी तीच आई त्याला जवळ घेते आणि आपण का मारले ते समजावून सांगते. हा प्रसंग वाचताना आईचा राग कोणास येत नाही. उलट डोळे पाणावतात.

आता हीच शिंपटी बालगृहातील काळजीवाहकाच्या हाती द्या. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे ८२ वे कलम तिला अपराध ठरविते. शिस्तीसाठी म्हणून का होईना, संस्थेतील मुलास मारणाऱ्या नोकरास पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड आणि पुन्हा तसे केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास सांगितला आहे. आईला जे क्षम्य, ते काळजीवाहकास का नसावे, असा प्रश्न अनेक सुशिक्षित गृहस्थ विचारतात. ‘मायेने दोन दिल्या तर बिघडले काय?’ हे वाक्य आम्ही स्वतः ऐकले आहे.

त्याचे उत्तर गुरुजींच्या पुस्तकातच आहे. आईच्या त्या माराच्या मागे श्यामच्या जन्मापासूनचे सारे दिवस उभे आहेत आणि पुढे तिचे उरलेले आयुष्य आहे. मारणारा हात संध्याकाळी कोठे निघून जात नाही. काळजीवाहकाची मात्र पाळी संपते. वळ उरतो आणि जवळ घेणारे कोणी उरत नाही. दुसरे असे, की श्यामची आई एकटी नाही. घरात दूर्वांची आजी आहे, कांडपास येणारी मथुरी आहे, शेजारपाजार आहे. तिचे वागणे चार डोळ्यांसमोर घडते. भिंतीआडच्या संस्थेत रात्री दोन वाजता काय घडते, हे पाहणारे कोण?

कायदा योग्यच आहे, असे आमचे मत आहे. परंतु कायदा शिंपटी काढून घेतो, तेव्हा तिच्या जागी दुसरे काही द्यावे लागते. याचे एक थोर उत्तर गुरुजींनी स्वतः आचरून दाखविले. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तेथील छात्रालय त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी मुलांच्या खोल्या झाडल्या, कपडे धुतले, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या, आणि मुलांसाठी स्वहस्ते दैनिक लिहून काढले. मुले ओशाळून आपली कामे आपण करू लागली. या जीवनाचे चित्र ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीत स्वामींच्या रूपाने आले आहे.

येथे आमचा मतभेद आहे. छात्रालय चालते ते स्वामींच्या अंगच्या जिव्हाळ्यावर. त्यांच्या जागी सामान्य वकुबाचा, संसाराच्या ओझ्याने वाकलेला गृहस्थ आला तर काय होईल, हा प्रश्न कादंबरी विचारीत नाही. पुढच्या लेखकांनीही तो क्वचितच विचारला. परिणामी आपल्या मनात वसतिगृहाच्या अधीक्षकाची दोनच चित्रे उरली, संताची आणि राक्षसाची. खऱ्या संस्था बहुधा या दोहोंपैकी कोणीच चालवीत नाही.

हा प्रश्न दूरचा नाही. कल्याण हे दोन घाटांच्या गाड्या एकत्र येणारे जंक्शन. घर सोडून निघालेली मुले तेथे उतरतात, बालकल्याण समितीपुढे उभी केली जातात आणि मग भिवंडीसारख्या ठिकाणच्या बालगृहात जातात. ठाणे, डोंबिवलीच्या आपल्या घरांपासून हे अंतर तासाभराचेही नाही. शहापूर तालुक्यातील कवडास येथील मतिमंद मुलांच्या संस्थेतील छळाच्या बातम्यांची २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली, तेव्हा आपण सर्वांनी राक्षसाचे चित्र पुढे ओढले आणि वृत्तपत्र मिटले.

२०१६ चे नमुना नियम वाचले तर निराळीच दृष्टी आढळते. दिनचर्या मुलांच्या समित्यांच्या विचाराने ठरवावी व सर्वांस दिसेल अशी लावावी. व्यायाम, अभ्यास, खेळ, प्रार्थना यांस वेळ असावा. रविवार व सुट्ट्यांचे कार्यक्रम वेगळे असावेत. तक्रारीस पेटी असावी. गद्य रुक्ष आहे, पण त्यामागील कल्पना सखोल आहे. उद्या सकाळी काय होणार हे ज्या मुलास कधीच ठाऊक नव्हते, त्याला भिंतीवरील वेळापत्रक हेच पहिले आश्वासन असते. मात्र ते आश्वासन पाळणारा माणूस थकतो. अंथरूण ओले करणारे, झोपेत ओरडणारे, शिवी देऊन माया पारखणारे मूल रोज सांभाळणे हे संतांसही जड जाईल.

म्हणून ‘देखरेख’ या शब्दाचा अर्थ आपण नव्याने लावला पाहिजे. अधीक्षकाने नोंदवहीवर सही करणे व चूक धरणे, इतकाच तो नव्हे. रात्रपाळीहून परतलेल्या काळजीवाहकास बसवून ‘काल काय झाले?’ असे विचारणे. त्याचा हात उगारला गेला असेल तर ते त्याला सांगता येईल असा विश्वास देणे, आणि तरीही ते झाकून न ठेवणे. पाळी वेळेवर बदलणे. एकट्यावर खोली न सोपविणे. हे सारे देखरेखीत येते. श्यामच्या आईस दूर्वांची आजी होती. काळजीवाहकाची दूर्वांची आजी कोण, हा प्रश्न ज्या संस्थेने सोडविला, तिला संताची वाट पाहावी लागणार नाही.

गुरुजींचे मोठेपण यामुळे उणे होत नाही. ‘श्यामची आई’ वाचून आपण रडलो, ते ठीकच झाले. परंतु ते अश्रू आपल्याच आईपुरते राहिले, तर पुस्तक अर्धेच वाचले असे म्हणावे लागेल.